पुढच्या गाडीचा झेंडा

शुक्रवार, २ सप्टेंबर २०२२

कंपनीने सगळ्या ड्रायव्हरांना डायऱ्या वाटल्या. वर फुटबॉलचं चित्र, आत रोज अर्धं पान. ओळी इतक्या फिकट छापल्यात की शोधून काढाव्या लागतात. शाई वाचवली असणार. मी एक ओळ सोडून लिहितो आहे.

लिहिण्यासारखं एवढंच. नोव्हेंबरात इथे वर्ल्ड कप. वाळवंट संपतं तिथे समुद्राचा फाटा आत शिरून टेकड्यांच्या मधोमध मोठं तळं झालं आहे, त्याला इथे खोर म्हणतात. खोरच्या काठावर आमचा कॅम्प. बाहेरदेशचे पाहुणे तिथे राहणार, आणि रोज आठ गाड्यांची रांग त्यांना घेऊन जाणार. रांगेतल्या पहिल्या गाडीला उंच काठीवर भगव्या रंगाचा झेंडा असतो. पुढची गाडी जिथून जाईल, त्या मागावरून बाकीच्यांनी यायचं. नऊ वर्षं हा झेंडा माझ्या गाडीला आहे.

आज मॅनेजर जाफरभाई म्हणाले, "अट्ठाईस अक्टूबर को ट्रायल है. उसके बाद फ्लॅग का डिसाइड करेंगे."

यात डिसाइड करायचं काय? पण बोलताना त्यांनी रामेश्वरकडे पाहिलं. मी पाहिलं त्यांना पाहताना.

रविवार, ४ सप्टेंबर

रामेश्वर म्हणजे माझा सख्खा मेहुणा, माझ्या बायकोचा, दुर्गाचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी मीच त्याला इथे आणला. जिंतूरला वडापची जीप चालवायचा, तीही दुसऱ्याची. वाळू कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. चाकातली हवा पंधरावर का आणायची, टेकडीवर वाऱ्याच्या अंगाने चढायचं आणि पलीकडे सरळ नाकासमोर उतरायचं, आडवं गेलं की गाडी लोळते, हे सगळं मी शिकवलं. मोठ्या टेकडीला मी गावाजवळच्या डोंगरावरून नेमगिरी म्हणतो, तिच्या शेजारची कधी घसरेल याचा नेम नाही म्हणून ती सासू. ही नावंसुद्धा त्याने माझ्याकडून उचलली आणि आता पाहुण्यांना इंग्रजीत सांगतो. पाहुणे हसतात. फोनवर त्याच्या नावाने पाच-पाच तारे देतात.

मला चौदा वर्षांत कुणी तारा दिला नाही.

मंगळवार, ६ सप्टेंबर

काच धुणाऱ्या पोराला झापलं. रोज सांगतो तरी माझ्या गाडीची काच धुरकट ठेवतो. तो म्हणतो, साफ आहे. रामेश्वर मध्ये पडला आणि त्याने काच पुन्हा पुसली. चार माणसांत चांगुलपणा मिरवायची याला भारी हौस.

शनिवार, १० सप्टेंबर

सीलाइनला, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे सगळे चाकांची हवा सोडतो. मी गेज लावला की हा आपली गाडी सोडून माझ्या चाकाशी येऊन बसतो आणि मोठ्याने ओरडतो, "पंधरा झालं, दाजी!" जणू मला अंक येत नाहीत. मी म्हटलं, "मला शिकवायलास का?" तर म्हणतो, "न्हाई दाजी, आपलं असंच."

असंच म्हणे. जाफरभाई दहा पावलांवर उभे होते, तेव्हाच बरं असंच सुचलं.

गुरुवार, १५ सप्टेंबर

माझे दोन पंचे गेले. दुर्गाने बाजारातून आणून दिलेले, लाल काठाचे. खोलीच्या गच्चीवर वाळत घातले होते. अल थुमामाच्या या घरात आम्ही सहा ड्रायव्हर राहतो, पण पंचा वापरणारे दोघेच, मी आणि रामेश्वर. बाकीचे टॉवेलवाले.

त्याला विचारलं. म्हणाला, "वाऱ्यानं गेले असतील, दाजी." बोलताना मान खाली.

रात्री दुर्गाला फोनवर स्पष्ट सांगितलं, तुझा भाऊ माझे पंचेसुद्धा सोडत नाही. ती गप्प राहिली. आपलेच दात आपलेच ओठ, काय बोलणार बिचारी.

सोमवार, १९ सप्टेंबर

कोणीतरी सबख्यावरच्या खुंटांना चिंध्या बांधून ठेवल्या आहेत!

सबखा म्हणजे खोरच्या काठचा सपाट पट्टा. वर मिठाचा टणक पापुद्रा, आत लोण्यासारखा चिखल. भरतीला पाणी खालून येतं, वरून कळतसुद्धा नाही. म्हणून आम्ही जुन्या ड्रायव्हरांनी तिथे लोखंडी खुंट ठोकले आहेत. परतताना खुंट डाव्या हाताला ठेवायचे, की चाक वाळूवर राहतं. खुंट गंजून वाळूच्याच रंगाचे झालेत, नवख्याला सापडत नाहीत. पण जाणत्याला चिंध्या कशाला? एवढ्या सुंदर जागेची कळा घालवली. पांढरं फडफडतंय सगळीकडे, धोब्याचा घाट वाटतो.

खरं म्हणजे आज मी तो पट्टा झपाट्याने पार केला. महिनाभरात एवढ्या वेगाने गेलो नव्हतो. हात बसला की असं होतं.

रविवार, २ ऑक्टोबर

आमच्यातलाच ड्रायव्हर पोपटराव सुट्टी संपवून गावाकडून परत आला. त्याच्याबरोबर दुर्गाने चार नवे पंचे धाडले. मी मागितले नव्हते. गेलेल्या दोनांचं नुसतं सांगितलं होतं. बायको मनातलं ओळखते ती अशी. खोलीत सगळ्यांना दाखवले, रामेश्वरला जरा जास्तच वेळ.

तो हसला. लाजही वाटत नाही.

बुधवार, ५ ऑक्टोबर

दसरा. गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, जाफरभाईंनी पेढे मागवले. संध्याकाळी गच्चीवरून स्टेडियमचे दिवे पाहिले. अल थुमामाचं हे स्टेडियम म्हणजे उलटी ठेवलेली गोल टोपी. दिव्यांभोवती मोठाली खळी पडली होती, चंद्राला पडतात तशी. मी म्हटलं, दिव्यांना खळं पडलंय, हवा दमट असणार. पोपटराव म्हणाला, कुठाय खळं? रामेश्वरने त्याला कोपरखळी मारली आणि म्हणाला, "हाय की. मोठं हाय."

म्हणजे खळं आहे हे कबूल करतानासुद्धा माझी चेष्टा. त्यानंतर म्हणे, "दाजी, दवाखान्यात एकदा डोळे दाखवू या का? मला बी दाखवायचेत. सोबत जाऊ."

आता कळलं! ट्रायलच्या आधी माझ्या नावावर दवाखान्याचा कागद लावायचा, आणि जाफरभाईंच्या टेबलावर ठेवायचा. आयत्या बिळावर नागोबा व्हायचंय याला. मी म्हटलं, तुझे तू दाखव.

शनिवार, ८ ऑक्टोबर

वायरलेसवर आज दिवसभर याची कीर्तनं. "दाजी, नेमगिरीचा माथा सरकलाय, जरा उजव्या अंगानं." "दाजी, पुढं उतार हाय, थांबून बघा." आठही गाड्यांत ऐकू जातं. माझ्या गाडीतल्या मराठी बाई नवऱ्याला म्हणाल्या, मागचा ड्रायव्हर जास्त अनुभवी दिसतो.

जीव जळून खाक झाला.  नाकापेक्षा मोती जड झालाय, आणि नाक माझं आहे.

रविवार, ९ ऑक्टोबर

जाफरभाईंकडे गेलो. म्हटलं, रामेश्वर वायरलेसपे बहोत बोलता है, मेरा ध्यान जाता है, गेस्ट लोग हसते हैं. जाफरभाईंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "रंगनाथभाई, आप सीनियर हो. आप बोलते हो तो खलास." रामेश्वर आता शेवटच्या गाडीवर, आणि विचारल्याशिवाय वायरलेसवर बोलायचं नाही.

बाहेर आलो तर तो उभा. सगळं ऐकलं होतं. एवढंच म्हणाला, "दाजी, मंग खुंटांकडं तरी नीट बघत जा."

म्हटलं, खुंट मी ठोकलेत.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

पाहुणे यायच्या आत जागा स्वच्छ हवी. आज रिकाम्या गाडीने सबख्यावर गेलो, आणि सगळ्या चिंध्या माझ्या हातांनी सोडल्या. गाठी काय मारल्या होत्या! बांधणाऱ्याने एकेका खुंटाशी बराच वेळ घातलेला दिसतो. रिकामटेकडा कुणीतरी. बोळा करून मागच्या पेटीत टाकला, दोन ठेवल्या काच पुसायला. पुसूनही काच धुरकटच.

वाळवंट परत होतं तसं झालं. सगळं एकसारखं, पांढरं.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

उद्या ट्रायल. दिवाळी होऊन गेली, दुर्गाशी बोललो. म्हणाली, "उद्या रामेश्वराला पुढं जाऊ द्या की एक डाव. तुमी मागं ऱ्हावा." सख्खी बायको! आणि कोणाच्या बाजूने बोलतेय? त्यानेच शिकवून ठेवलं असणार. फोन ठेवून दिला.

पुढं राहिलो तर मी रंगनाथ ड्रायव्हर. मागं राहिलो तर मी बावन्न वर्षांचा कुणीतरी. हे तिला कोण सांगणार.

शनिवार, २९ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो आहे, सगळं लिहितो आहे.

ट्रायलला ऑफिसच्या ओळखीची कुटुंबं बोलावली होती. माझ्या गाडीत अल सद्द भागात राहणारे संजीव साहेब, त्यांच्या बायको नीतावहिनी आणि मुलगी गार्गी, अकरा-बारा वर्षांची. पुण्याची माणसं. वहिनींनी चकल्या आणल्या होत्या, मला आधी दिल्या. जाताना सगळं झकास. वाऱ्याचं अंग पायाला कळतं, तिथे डोळे लागत नाहीत. सासूवरून उतरलो तेव्हा गार्गी किंचाळून हसली. खोरच्या काठी जेवलो. पाणी निळं होतं म्हणे. वहिनी सारख्या म्हणत होत्या, काय निळं आहे, काय निळं. मी हो म्हणत होतो.

निघायला उशीर झाला. भरतीची वेळ मला पाठ आहे, पण फोटोच संपेनात. ऊन तोंडावर आलेलं. सबख्यावर आलो आणि समोर पांढरं फक्क. मी खुंट शोधत होतो. पांढरं काही फडफडतंय का, हेच डोळे शोधत होते, आणि तसलं काही नव्हतं. मीच तर काढलं होतं. तरी म्हटलं, रस्ता पाठ आहे.

गार्गी मागून म्हणाली, "अंकल, द पोल्स आर ऑन द राइट साइड."

मला वाटलं, पोर चुकतंय, खुंट डाव्या हातालाच असणार. वहिनी म्हणाल्या, "अगं, त्यांना माहीत असतं."

मग खालून पापडासारखा आवाज आला आणि गाडी बसली. दार उघडलं तर पाय घोट्याच्या वर चिखलात. पाणी चहूकडून झिरपत येत होतं, आवाज न करता. संजीव साहेबांनी गार्गीला जवळ ओढलं. वहिनी एकदम देवाचं नाव घ्यायला लागल्या. वायरलेस उचलला, पण बोलू काय?

रामेश्वर शेवटच्या गाडीत होता. त्याने विचारल्याशिवायच सगळ्यांना थांबवलं, स्वतः सहा गाड्या ओलांडून आला, आणि वाळूवर गाडी ठेवून पळत चिखलात उतरला. गार्गीला खांद्यावर घेतलं. रबरी पायपुसण्या टाकून वहिनींना आणि साहेबांना एकेक करून नेलं. शेवटी माझा हात धरला. म्हटलं, माझा मी येतो. दुसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो. मग त्याने विचारलं नाही, दंड धरून ओढत नेलं.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. तेवढं देवाने ऐकलं.

वाळूवर उभे राहून मागे पाहिलं. गाडी दारापर्यंत पाण्यात, आणि वर माझा झेंडा. एवढं मला दिसलं. झेंडा दिसला.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

ओहोटीला गाडी काढली. जाफरभाईंनी दोघांना समोर उभं केलं. रामेश्वर म्हणाला, "सर, धूप सामने थी. मैं होता तो मैं भी गलती करता." मोठेपणा बघा. बुडालेल्यावर उपकार.

जाफरभाईंनी ऐकून घेतलं आणि टेबलावरचा कागद माझ्यासमोर धरला. "रंगनाथभाई, ये पढ़के सुनाओ."

कागद पांढरा होता. मी म्हटलं, कोरा आहे.

 जाफरभाईंनी कागद फिरवून रामेश्वरला दाखवला. त्याने वाचला नाही, खाली पाहिलं.

शनिवार, १२ नोव्हेंबर

(आजचं रामेश्वर लिहितो आहे, दाजी सांगतात.)

आज उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी उद्या सुटेल. डावा पुढच्या महिन्यात. डॉक्टर म्हणाल्या, दोन वर्षांचा जुना आहे, तुम्ही गाडी चालवत होता? मी म्हटलं, वाळूत चालवत होतो.

मागची पानं चाळायची नाहीत. न्हाई चाळत, दाजी. हे कशाला लिहिलंस? तुमीच म्हणलात, सांगंन ते लिही.

जाफरभाईंनी झेंडा रामेश्वरला दिला. अभिनंदन, लिही. मला आनंद झाला, लिही.

खोड ते. आनंद झाला नाही. नऊ वर्षं माझा होता. हा माझ्या हाताखाली शिकला, माझं बोट धरून टेकडी चढला, आणि आता झेंडा याच्या गाडीला, आणि मी कॅम्पवर चहा सांभाळणार.  हेही लिही.

लिहिलंस का?

लिहिलं, दाजी.

तुझ्यामुळे चार माणसं वाचली, तेही लिही. ते पानाच्या वरच्या बाजूला असलेलं बरं.

रविवार, १३ नोव्हेंबर

पट्टी सुटली. ही डायरी उघडली आणि ओळी दिसल्या. चांगल्या ठसठशीत निळ्या ओळी आहेत. मी महिना-दोन महिने त्यांच्यावरून तिरकं लिहीत गेलोय, कुठे कुठे एकावर एक. ८ ऑक्टोबरचं पान माझं मलाच वाचता येईना.

काच धुणाऱ्या पोराला बोलावून चहा पाजला. का पाजला, ते सांगितलं नाही.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

वर्ल्ड कप सुरू झाला. आज सौदीने अर्जेंटिनाला हरवलं. पलीकडच्या काठावर सौदीच, त्यामुळे कॅम्पवरचे सगळे नुसते ओरडत सुटले होते. पाहुणे कोण, चहावाले कोण, काही कळत नव्हतं. खोर निळं आहे. नीतावहिनी म्हणत होत्या ते खरं होतं.

दुपारी रामेश्वर रांग घेऊन आला. झेंडा पहिला दिसला, गाडी नंतर. नेमगिरीवरून काय उतरला! सरळ, एका रेषेत, मी शिकवलं तसा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी किटली घेऊन आत गेलो.

संध्याकाळी जाफरभाई म्हणाले, तुमची जुनी गाडी धुऊन आली आहे, मागची पेटी रिकामी करून द्या, उद्या पोपटराव नेणार. पेटीत तो चिंध्यांचा बोळा पडला होता. मिठाने वाळून कडक झालेला. फेकायला म्हणून उचलला.

लाल काठ.

एक उलगडली, दुसरी उलगडली. प्रत्येकीला नाही, पण जिच्या टोकाशी काठ आला तिला लाल. माझे पंचे. बारीक पट्ट्या फाडलेल्या, एकसारख्या, दातांनी सुरुवात करून. मी सोडल्या तेव्हा मला नुसतं पांढरं दिसलं होतं.

 मग दुर्गाला फोन लावला. म्हटलं, तुझ्या भावाने माझे पंचे नेले होते ना, सापडले.

ती म्हणाली, "मला ठाव हाय. त्यानंच सांगितलं सप्टेंबरात. दाजीचे पंचे फाडलेत, त्यांना खुंट दिसंनात, तू नवे धाड. म्हणून तर धाडले."

"मग मला कामून सांगितलं नाहीस?"

"तुमी त्याला चोर म्हणत होता, तवा तुमचे डोळे गेलेत म्हणून सांगितलं असतं, तर ऐकलं असतं का?"

मी म्हटलं, नसतं.

"मंग?" ती म्हणाली, आणि रडायला लागली. माझ्या मागे कोणी गोल केला म्हणून सगळे पुन्हा ओरडत होते, टीव्हीवर जुनंच परत दाखवत होते.

बुधवार, २३ नोव्हेंबर

सकाळी रामेश्वरच्या गाडीत शेजारी बसून निघालो. सबख्यावर म्हटलं, थांब. बोळा काढला आणि पहिल्या खुंटाशी गेलो. त्याने पाहिलं, ओळखलं. इंजिन बंद करून उतरला.

थोड्या वेळाने म्हणाला, "दाजी, आता तुमाला दिसायलंय की."

म्हटलं, "तुला कायम दिसणार हाय का?"

एका अंगाने त्याने बांधल्या, एका अंगाने मी. त्याची गाठ माझ्यापेक्षा पक्की बसते, तेही मला आवडलं नाही. वर झेंडा फडफडत होता. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहायचं टाळलं.

शेवटच्या खुंटांना चिंध्या पुरल्या नाहीत. समुद्राने काही खाल्ल्या होत्या. मी खांद्यावरचा नवा पंचा काढला, काठाशी दात लावला आणि फाडला. रामेश्वर "अहो, अहो" करत राहिला. दुर्गाला यातलं काही सांगायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलं आहे.

सांगेलच तो. भाऊ कुणाचा आहे!